जुने गार्डन ट्रॅक्टर घरच्या घरी दुरुस्त करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे नक्की कोणते यंत्र? गवत कापणारी साधी गाडी आणि हा ट्रॅक्टर यांत फरक काय?

साध्या लॉन ट्रॅक्टरचा सांगाडा पत्र्याचा असतो आणि त्याचे काम बहुतेक गवत कापण्यापुरतेच असते. गार्डन ट्रॅक्टरची चौकट जाड लोखंडी असते, मागचा गिअरबॉक्स बिडाचा असतो आणि त्याला नांगर, रोटरी टिलर, माती ढकलण्याचे पाते, बर्फ उडवणारे यंत्र अशी जमिनीशी झगडणारी अवजारे जोडता येतात. येथे जे सांगितले आहे ते मुख्यतः १९६० ते १९८० या काळात अमेरिकेत बनलेल्या यंत्रांविषयी आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६०च्या अखेरीस केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे ‘कब कॅडेट’ बनवायला सुरुवात केली, आणि १९६३ मध्ये जॉन डिअरने विस्कॉन्सिनमधील होरिकॉन येथून ‘११०’ हे मॉडेल बाजारात आणले. साउथ बेंडचा लाल ‘व्हील हॉर्स’, तसेच पोर्ट वॉशिंग्टन या एकाच गावातून निघणारे ‘सिंप्लिसिटी’ आणि ‘बोलेन्स’ हेही याच पिढीचे होत. यांपैकी पुष्कळ यंत्रांवर बसणारी कोहलर इंजिनेही विस्कॉन्सिनच्या त्याच आग्नेय भागातली.

मराठी वाचकाला यातले एक नाव अगदीच परके वाटू नये. १९६३ मध्येच इंटरनॅशनल हार्वेस्टरने महिंद्र आणि व्होल्टास यांच्यासह भारतात ट्रॅक्टर कंपनी स्थापन केली आणि तिचा बी-२७५ आपल्याकडील शेतांत पुढे कित्येक वर्षे राबला.

पहिल्यांदाच काम हाती घेणाऱ्याने कोणते मॉडेल निवडावे?

कोहलरचे के मालिकेतील एक सिलिंडरचे इंजिन असलेला, गिअरचा कब कॅडेट किंवा जॉन डिअर ११० निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या मालिकेत के-१६१ हे ७, के-१८१ हे ८, के-२४१ हे १०, के-३०१ हे १२, के-३२१ हे १४ आणि के-३४१ हे १६ अश्वशक्तीचे इंजिन आहे. सर्वांचा ब्लॉक बिडाचा आहे, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बाजूला बसवलेले असल्यामुळे हेड म्हणजे केवळ एक झाकण असते, आणि पिस्टन, रिंगा, गॅस्केट, पॉइंट्स (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) असे नेहमी लागणारे भाग आजही इतर कंपन्यांनी बनवलेले सहज मिळतात. अगदी पहिल्या कब कॅडेटमध्ये शक्ती पट्ट्याने मागे जात असे; १९६३ मध्ये आलेल्या ७० आणि १०० या मॉडेलांपासून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये थेट शाफ्ट आला. शिकायला ही शाफ्टची मांडणी अधिक सोपी आहे, कारण काय कशाला फिरवते हे डोळ्यांना सरळ दिसते. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने शक्ती चाकांकडे नेणाऱ्या, गिअरबॉक्सचे मॉडेल मात्र दुसऱ्या खेपेसाठी ठेवावे.

विकत घेताना इंजिन चालू असणे आवश्यक आहे का?

नाही. उलट ‘इंजिन चालू आहे, बाकी थोडे काम आहे’ असे सांगितल्यावर ते बाकीचे काम नीट पाहावे. बंद इंजिन बहुधा इंधन किंवा ठिणगीच्या किरकोळ दोषामुळे बंद असते आणि ते पूर्ण बिघडलेले निघाले तरी दुसरे मिळते. बॉनेट, ग्रिल, मडगार्ड, डॅशबोर्डाचा पत्रा, गवत कापायच्या डेकचे जोडसांगाडे आणि अवजारे उचलण्याचे दांडे मात्र हरवले तर शोधत बसावे लागते आणि त्यांची किंमत कधी कधी सगळ्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त होते. म्हणून पैसे द्यायचे ते पूर्णतेसाठी. पुढचा अॅक्सल हाताने वर-खाली हलवून त्याच्या मधल्या पिनेत किती प्ले (सैलपणा) आहे तो पाहावा, स्टिअरिंग किती फिरवल्यावर चाक हलू लागते ते पाहावे, गिअरबॉक्सचे तेल पांढरट झाले आहे का हे तपासावे आणि चौकटीला वेल्डिंग केलेले असल्यास ते कशासाठी केले होते, हे विचारावे. इंजिनाच्या पत्र्यावरील पट्टीवर मॉडेल क्रमांकाबरोबर ‘स्पेसिफिकेशन क्रमांक’ असतो; तो लिहून घ्यावा, कारण एकाच के-३०१ इंजिनाचे कितीतरी उपप्रकार आहेत आणि भाग मागवताना हाच क्रमांक उपयोगी पडतो.

इंजिन जाम आहे, हलतच नाही. काय करावे?

स्टार्टर मारू नये आणि फ्लायव्हीलला लांब दांडा लावून जोरही करू नये. प्रथम प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि अॅसिटोन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण ओतावे आणि काही दिवस तसेच राहू द्यावे. अॅसिटोन अतिशय ज्वालाग्राही आहे, म्हणून जवळपास आगीचा काहीही संबंध नसावा. त्याने काम झाले नाही तर हेड काढावे. बाजूच्या व्हॉल्व्हच्या इंजिनात हे काम काही बोल्टचेच असते आणि त्यानंतर अंदाज बांधण्याची गरज उरत नाही : पिस्टन गंजाने धरला आहे की एखादा व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत अडकला आहे, हे समोर दिसते. सिलिंडरच्या उघड्या भागातील गंज बारीक पॉलिश पेपरने काढून, पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकावे आणि फ्लायव्हील किंचित पुढे-मागे करत राहावे. धरलेला पिस्टन बहुतेक वेळा एकदम सुटत नाही, तो केसाकेसाने सरकतो. तो सुटला म्हणून लगेच इंजिन सुरू करू नये. गंजाच्या खड्ड्यांत रिंगा तुटतात. सिलिंडरची भिंत नीट पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा.

इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. शोध कुठून घ्यावा?

ठिणगीपासून. के मालिकेतील बहुतेक इंजिनांत पॉइंट्स फ्लायव्हीलखाली नसून ब्लॉकच्या बाहेर एका छोट्या झाकणाखाली असतात आणि आतल्या कॅमवरून येणारी काडी त्यांना उघडते. त्यामुळे फ्लायव्हील न काढताच ते साफ करता येतात. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या यंत्रात पॉइंट्सच्या तोंडावर धुरकट थर जमतो आणि प्रवाहच जात नाही. ती तोंडे बारीक कागदाने घासून, निर्धोक द्रवाने पुसून घ्यावीत. अंतर ०.०२० इंच म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवायचे असते. पण हे अंतर म्हणजे केवळ सुरुवातीची बाब आहे, खरे पाहायचे ते टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडते ते. फ्लायव्हीलवर ‘एस’ अशी खूण असते, ती पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी २० अंशांवर येते. ती खूण झरोक्यात दिसू लागते त्याच क्षणी पॉइंट्स उघडले पाहिजेत. छोट्या दिव्याने किंवा मीटरने हे इंजिन बंद असतानाच नेमके लावता येते, आणि असे लावलेले इंजिन स्टार्टरच्या पहिल्या फेरीत कसे उचलते, ते पाहण्यासारखे असते. बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनसाठी प्लगचे अंतर ०.०३५ इंच ठेवावे.

कॉइल बदलताना एक काळजी घ्यावी. मोटारगाडीची जी कॉइल बाहेरून वेगळा रोध जोडून वापरायची असते, ती तशीच लावली तर पॉइंट्स लवकर जळतात. आतच पुरेसा रोध असलेली १२ व्होल्टची कॉइल घ्यावी आणि कंडेन्सरही त्याच वेळी बदलावा.

ठिणगी चांगली असेल तर इंधनाकडे वळावे. जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. कार्ब्युरेटर पूर्ण उघडून त्याची छिद्रे तारेने न टोकरता द्रवाने आणि हवेच्या दाबाने साफ करावीत, पितळी फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरले आहे का ते ऐकावे, आणि जोडताना मुख्य नीडल सुमारे दोन फेरे, तर आयडलची नीडल सव्वा ते दीड फेरा उघडी ठेवून इंजिन चालू झाल्यावर बारीक जुळवणी करावी. नीडल बंद करताना जोर लावला की तिचे टोक खोलगट होते आणि मग कुठलीच जुळवणी टिकत नाही. इंजिन चालू होऊनही आवाज सतत चढ-उतार करत राहिला तर बहुतेक जण वेग आपोआप राखणाऱ्या गव्हर्नरला दोष देतात. माझा संशय आधी थ्रॉटलच्या दांड्याच्या झिजलेल्या छिद्रावर जातो, कारण तिथून हवा आत शिरते.

कॉम्प्रेशन मोजले तर फारच कमी आले. इंजिन संपले आहे का?

तेवढ्यावरून ठरवू नये. या मालिकेतील बऱ्याच इंजिनांत सुरू करणे सोपे जावे म्हणून कमी वेगाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी यंत्रणा कॅममध्ये असते, त्यामुळे साध्या गेजवर चांगल्या इंजिनाचाही आकडा कमीच दिसतो. सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून गळते ते ऐकणे, ही खरी कसोटी. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, आणि तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा.

के-२४१ ते के-३४१ या इंजिनांत व्हॉल्व्ह उचलणाऱ्या टॅपेटला जुळवणीचे स्क्रू असतात. इंजिन थंड असताना इनटेकला ०.००८ ते ०.०१० इंच आणि एक्झॉस्टला ०.०१७ ते ०.०१९ इंच फट ठेवावी. के-१६१ आणि के-१८१ मध्ये असे स्क्रू नसतात, तेथे व्हॉल्व्हच्या देठाचे टोक घासूनच फट मिळवावी लागते. हे काम लेथवाल्याकडून करून घेणे बरे.

इंजिन निळा धूर टाकते आणि तेल पिते. घरी उघडावे का?

मोजमाप करण्याची तयारी असेल तर अवश्य उघडावे. के-२४१ चा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३.२५ इंच आहे. झिजलेला सिलिंडर ०.०१०, ०.०२० किंवा ०.०३० इंचाने मोठा करून त्या मापाचा पिस्टन टाकता येतो. बोअरिंग बाहेरून करून घ्यावे, जुळवणी घरी. ‘फक्त रिंगा बदलून पाहू’ हा मोह टाळावा, कारण लंबगोल झालेल्या सिलिंडरमध्ये नव्या रिंगा कधी बसत नाहीत.

दोन गोष्टी नेमकेपणाने सांगण्याजोग्या आहेत. पहिली कनेक्टिंग रॉडविषयी. तो अॅल्युमिनियमचा असून बेअरिंगच्या वेगळ्या वाट्यांशिवाय थेट क्रँकवर फिरतो, आणि त्याच्या तळाची जीभ तेलात बुडून ते उडवते. तेलाचा पंप नसतोच. तेलाची पातळी खाली गेली, किंवा तीव्र उतारावर यंत्र बराच वेळ तिरके राहिले, की रॉड कोरडा पडतो, क्रँकला चिकटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. क्रँकवर चरे दिसले तर तो ०.०१० इंचाने ग्राइंड करून त्या मापाचा रॉड घालावा, आणि टॉर्क पाना (ठरलेल्याच जोराने आवळू देणारा) नसेल तर तो आणून मगच रॉडचे बोल्ट आवळावेत. दुसरी गोष्ट मोठ्या इंजिनांतील बॅलन्स गिअरविषयी. कंप कमी करण्यासाठी काही के-२४१ ते के-३४१ इंजिनांत आतल्या बाजूला दोन वजनदार गिअर दिलेले असतात. त्यांच्या आधारपिना आणि बारीक बेअरिंगे झिजली की गिअर सुटून ब्लॉकचा चुराडा करतात. इंजिन उघडलेच आहे तर ते काढून टाकावेत, असे जुने कारागीर सांगतात, आणि मला ते पटते. कंप थोडा वाढतो, पण ब्लॉक वाचतो.

या इंजिनांना शिसेयुक्त पेट्रोल लागत होते ना? आजचे पेट्रोल चालेल का?

शिसेविरहित पेट्रोल निःशंक चालते. कोहलरच्या स्वतःच्या पुस्तिकांतही काजळी कमी धरते म्हणून त्याचीच शिफारस आहे. अडचण इथेनॉलची आहे. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे मऊ करते, हवेतील ओलावा ओढून घेते आणि टाकीत गंज धरवते. नळ्या नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात आणि जमेल तेथे इथेनॉलविरहित पेट्रोल वापरावे, विशेषतः यंत्र हिवाळाभर उभे राहणार असेल तेव्हा.

स्टार्टर-जनरेटर म्हणजे काय? नवी बॅटरी लावूनही चार्जिंग होत नाही.

त्या काळच्या बऱ्याच ट्रॅक्टरांवर डेल्को-रेमीचे एकच यंत्र पट्ट्याने इंजिन फिरवते आणि इंजिन सुरू झाल्यावर त्याच पट्ट्यावर वीज तयार करते. पट्टा सैल असेल तर दोन्ही कामे बिघडतात, तेव्हा आधी तो ताणावा. तारा किंवा चार्जिंगवर ताबा ठेवणारा रेग्युलेटर काढून पुन्हा जोडल्यानंतर जनरेटरला ध्रुवता पुन्हा द्यावी लागते : इंजिन बंद ठेवून, रेग्युलेटरवरील बॅटरीचे आणि जनरेटरचे अशी दोन टोके एका तारेने क्षणभर स्पर्श करून सोडावीत, एक बारीक ठिणगी उडते आणि काम होते. ही एक गोष्ट राहून गेल्यामुळे चांगले रेग्युलेटर भंगारात गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अर्थच्या तारा चौकटीला जोडतात त्या जागी रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडे करावे. रंग देऊन नवा केलेला ट्रॅक्टर सुरू होत नाही याचे कारण बहुधा तेथेच सापडते.

क्लच दाबताना कर्कश आवाज येतो आणि स्टिअरिंग सैल आहे. हे घरी होण्यासारखे आहे का?

होय, आणि या दुरुस्तीनेच ट्रॅक्टर चालवायला योग्य होतो. शाफ्टच्या कब कॅडेटमध्ये क्लच शाफ्टवरच बसलेला असतो. त्यातील आडव्या पोकळ पिना झिजून किंवा तुटून त्यांची छिद्रे लांबट होतात, रिलीज बेअरिंग कोरडे पडते, आणि क्लच हलकेच धरावा म्हणून दिलेली छोटी कडक स्प्रिंग मोडते. शाफ्ट, पिना, बेअरिंग, स्प्रिंग आणि प्लेट असा पूर्ण संच एकदमच बदलावा. एकच पीन बदलून काम भागवले तर नवी पीन जुन्या छिद्रात पुन्हा खुळखुळू लागते. स्टिअरिंगच्या पेटीत कॅम आणि लिव्हर असते; पेटीतील प्ले जुळवणीच्या नटाने कमी करता येतो, पण चाकाजवळचे गोल सांधे (बॉल जॉइंट) आणि अॅक्सलची मधली पीन झिजलेली असेल तर तेवढ्याने भागत नाही.

जॉन डिअर ११० मध्ये वेग बदलणारी दुभंग पुली असते. तिचे अर्धे तुकडे दांड्यावर गंजून अडकले की वेग एकाच जागी राहतो. तेथे पट्टा नेमक्या मापाचाच लागतो, दुकानातला ‘जवळपास बसणारा’ पट्टा चालत नाही.

हायड्रोस्टॅटिकच्या गिअरबॉक्समधील तेल दुधाळ झाले आहे.

त्यात पाणी शिरले आहे. कब कॅडेटमध्ये हाय-ट्रॅन नावाचे तेल वापरायचे असते. ते पाणी स्वतःत सामावून घेते, म्हणून ते दुधाळ दिसते आणि आतले भाग गंजण्यापासून वाचतात. सगळे तेल ओतून काढावे, फिल्टर बदलावा, पाणी कुठून शिरले ते शोधावे आणि त्याच जातीचे तेल पातळीच्या बुचापर्यंत भरावे. पंप उघडण्याची घाई करू नये.

मेट्रिक पाने चालतील का?

नाही. सगळे बोल्ट इंचाचे आहेत. सात षोडशांश, अर्धा, नऊ षोडशांश आणि पाऊण इंच एवढ्या पान्यांवर बहुतेक काम होते. आपल्याकडील जुन्या फिटरांना हीच मापे सूतांत पाठ असतात, तेव्हा अर्धा इंच म्हटल्यावर त्यांच्या तोंडून ‘चार सूत’च येते.

गंज कसा काढावा?

पत्र्याच्या लहान भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातील विद्युत पद्धत उत्तम. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ साधे लोखंड धन टोकाला जोडावे. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू तयार होतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे, आणि अॅल्युमिनियमचे भाग या पाण्यात घालू नयेत. पेट्रोलच्या टाकीसाठी सायट्रिक अॅसिडचे पाणी अधिक सोयीचे असते.

रंग द्यावा की जुनाच ठेवावा?

मूळ रंग साठ टक्के शिल्लक असला तरी मी तो ठेवण्याच्याच बाजूने आहे. उन्हाने उडालेला पण मूळचा पिवळा रंग पुन्हा मिळत नाही. देणारच असाल तर रंग सगळ्यात शेवटी, यंत्र काही काळ प्रत्यक्ष कामाला लावून झाल्यावर द्यावा, कारण तोपर्यंत कुठून तरी तेल गळतेच. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली आणि ही यंत्रे बहुतेक त्याआधीची आहेत. कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे आणि मुलांना दूर ठेवावे. जुन्या क्लच-ब्रेकच्या अस्तरांत आणि गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यांवर हवेचा झोत मारू नये. हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट असते. त्यासाठी साधा मास्क पुरत नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी व्यवस्था लागते. ती नसेल तर घरी साधा इनॅमल मारावा, किंवा ते काम रंगाऱ्याकडे द्यावे.

महाराष्ट्रात असे ट्रॅक्टर मिळतील का?

ही यंत्रे आपल्याकडे विकली जात नव्हती. द्राक्षबागांतून फिरणारे मित्सुबिशी शक्तीसारखे छोटे ट्रॅक्टर आकाराने जवळचे वाटले तरी ते डिझेलवर चालतात, त्यामुळे ठिणगी आणि कार्ब्युरेटरविषयी वर लिहिलेले त्यांना लागू पडत नाही. गंज, बेअरिंगे, प्ले आणि रंग यांविषयीचे मात्र तसेच लागू पडते. अमेरिकेत मोठे अंगण असलेल्या मराठी कुटुंबांना हे यंत्र शेजारच्या जुन्या गोठ्यातून मिळू शकते.

या यंत्रांना सुरक्षेची साधने होती का?

फारच थोडी. चालक आसनावरून उठला तरी बहुतेक जुन्या मॉडेलांचे इंजिन आणि पाती फिरतच राहतात. आसनाखाली एक स्विच बसवून तो इग्निशनशी जोडणे सोपे आणि स्वस्त आहे. मूळपणाच्या हट्टापायी ते टाळू नये. खाली शिरताना फक्त जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. फ्लायव्हील काढताना पुलर वापरावा, क्रँकच्या टोकावर हातोडा मारू नये.

नव्याने जुळवलेले इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर काय पाहावे?

तेल एसएई ३० भरावे, आणि सुरू झाल्यावर तासभर मध्यम वेगावर, हलक्या ओझ्याने चालवावे. गव्हर्नरच्या स्प्रिंगशी खेळून वेग वाढवू नये. कमाल वेग मिनिटाला ३६०० फेरे एवढाच ठरवलेला आहे आणि तो टॅकोमीटरने मोजून घ्यावा. हेडचे बोल्ट थंड इंजिनावर ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळावेत, के-२४१ ते के-३०१ साठी २५ ते ३० फूट-पौंड. पहिले तेल ५ तासांनी बदलावे, त्यानंतर दर २५ तासांनी, आणि प्रत्येक वेळी चालवण्यापूर्वी पातळी पाहावी. काढलेल्या तेलात लोहचुंबक फिरवावे. त्याला बारीक भुकटी चिकटली तर ते साहजिक आहे. कपच्या दिसल्या तर यंत्र पुन्हा सुरू न करता तळाचे झाकण काढावे.